ॲप उघडायचं धाडसच होत नाही, काय करू?

या वेळी पैशांवरची पत्रं एवढी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकललेत. त्यातली पाचच घेतलीत, आणि पहिल्यावर मी जरा जास्तच बोललेय, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, माझं वय 41, नोकरी चांगली आहे, पगार वेळेवर होतो. तरी मला बँकेचं ॲप उघडायची भीती वाटते. मेसेज आला की फोन पालथा घालून ठेवते. क्रेडिट कार्डाचं 'मिनिमम ड्यू' तेवढं भरते आणि एकूण थकलंय किती ते सात-आठ महिने बघितलेलंच नाही. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. लहानपणी महिनाअखेरीला बाबा वही घेऊन बसायचे, पेन्सिलीने बेरीज करायचे, खोडायचे, परत करायचे, आणि तेवढा वेळ घरात कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही असा नियमच होता. आज माझा पगार त्यांच्या तेव्हाच्या पगाराच्या कितीतरी पट आहे पण आकडे दिसले की मी परत नऊ वर्षांची होते. हे वेड्यासारखं आहे ना?

उत्तर: नाही हो, वेड्यासारखं कसलं. माझंच सांगते. एक काळ असा होता की बँकेकडून, विमावाल्यांकडून जे काही पाकीट यायचं ते मी न फोडता कपाटाच्या खालच्या कप्प्यात टाकायचे. दार उघडलं की ती पाकिटं दिसायची म्हणून मग वर एक जुनी चादर घातली, आणि पुढे पुढे त्या कप्प्यातलं दुसरं काही हवं असलं तरी मी तो उघडायचंच टाळायला लागले. शेवटी मैत्रीण शेजारी बसली आणि आम्ही एकेक फोडलं. अकरा पाकिटं निघाली. चार नुसत्या जाहिराती, तीन "तुमचा पत्ता बदलल्याची नोंद झाली" छापाची, दोन जुन्या पावत्या, एक मुदत कधीच उलटून गेलेली ऑफर. खरी अडचण एकाच पाकिटात होती आणि ती मी मनात धरली होती त्यापेक्षा लहान निघाली. सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणणार नाही, तुमचा आकडा कदाचित मोठा असेलही. पण मी वर्षभर अकरा पाकिटांना घाबरले आणि घाबरण्यासारखं एकच होतं, एवढं मात्र खरं.

अर्थशास्त्रातल्या लोकांनी या सवयीला शहामृगाचं नाव दिलंय. (शहामृग बिचारं खरं तर वाळूत डोकं खुपसत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.) कार्लसन, लोवेनस्टाइन आणि सेप्पी या तिघांनी 2009 साली दाखवलं की बाजार वर असला की गुंतवणूकदार आपलं खातं वरचेवर उघडून बघतात आणि पडला की बघणं कमी करतात. म्हणजे चांगले शिकलेले, पैसे राखून असलेले लोकही वाईट बातमीकडे पाठच फिरवतात, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही आहात.

फक्त एक फरक आहे. गुंतवणुकीकडे चार महिने बघितलं नाही तर फारसं काही बिघडत नाही, कधी कधी भलंच होतं. कार्डाचं तसं नाही, तुम्ही बघा नाहीतर नका बघू, व्याज चालूच. शंभराचा हिशोब मांडते, बाबांच्या वहीसारखा. समजा थकबाकी 100 आहे, व्याज महिन्याला 3 टक्के, आणि मिनिमम ड्यू म्हणजे व्याज धरून जे होईल त्याच्या 5 टक्के. तुम्ही कार्डावर नवीन काहीही घेतलं नाही, दर महिन्याला न चुकता मिनिमम भरलं, तर वर्षभरात तुमच्या खिशातून साधारण 55 गेलेले असतात आणि थकबाकी अजून 77 असते. भरले 55, फिटले 23, मधले 32 व्याजात गेले. यात उशिराचा दंड, कर, काहीच धरलेलं नाही.

आता खरी मेख पुढे आहे. मिनिमम ड्यू हा थकबाकीचा टक्का असल्यामुळे थकबाकी थोडी उतरली की तोही उतरतो, आपल्याला वाटतं चला या महिन्यात कमी आलं, आणि आपण तेवढंच भरतो. तसं केलं तर 30 महिन्यांनीसुद्धा 100 मधले 52 शिल्लक असतात. तेच पहिल्या महिन्यात जे 5.15 (व्याज धरून झालेल्या 103 चे 5 टक्के) भरले तेवढेच दर महिन्याला भरत राहिलात, एक पैसा वाढवला नाही, फक्त कमी होऊ दिला नाही, तर 30व्या महिन्यात खातं शून्य. पहिला हप्ता दोन्हीकडे तोच आहे बघा. हे मी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा माझाच विश्वास बसेना, बेरीज दोनदा तपासली. आणि एक, थकबाकी पुढे ओढलेली असली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत बहुतेक कार्डांवर मिळत नाही, म्हणजे आज घेतलेल्या वस्तूवर आजपासूनच व्याज. त्यामुळे ते कार्ड आधी पाकिटातून बाहेर काढा आणि फोनमध्ये जिथे जिथे साठवून ठेवलंय तिथून पुसून टाका.

बघायचं कसं ते सांगते. रात्री नको, रात्री सगळेच आकडे मोठे दिसतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी, कागद-पेन घेऊन, आणि फक्त तीन गोष्टी उतरवायच्या, एकूण थकबाकी, महिन्याचा व्याजदर, भरायची तारीख. कशावर खर्च केला ती यादी उघडायची नाही. ती उघडली की आपण स्वतःला कोर्टात उभं करतो आणि मग कागद तसाच राहतो. त्या दिवशी काही ठरवायचंही नाही, लिहून झालं की उठायचं. दोन दिवसांनी बँकेला फोन करून विचारा की ही रक्कम ठरावीक हप्त्यांत बदलून मिळेल का आणि व्याज किती लागेल. साधं पर्सनल लोन बऱ्याचदा कार्डापेक्षा बरंच स्वस्त पडतं, तेही विचारून ठेवा.

नवऱ्याला सांगायचंच आहे. पण "माझ्याकडून खूप मोठी चूक झालीये" असं म्हणत नको, कागद पुढे ठेवून सांगा, एवढं आहे, असं फिटेल, इतके महिने लागतील. राग येईल, येऊ दे. आकड्यावरचा राग ओसरतो, लपवल्याचा ओसरायला वेळ लागतो, आणि तुम्ही आणखी जेवढे महिने थांबाल तेवढा तो दुसरा राग वाढत जाणार आहे.

आणि बाबांबद्दल एक. तुम्ही लिहिलंत ते मी परत परत वाचलं. बाबा आकड्यांना घाबरत नव्हते हो, ते दर महिन्याला वही उघडून बसत होते. तुम्ही घाबरलात ते त्या वेळच्या गप्प बसलेल्या घराला. तेव्हा कागद कराल तेव्हा घरात रेडिओ लावा, काहीतरी आवाज असू द्या.

प्रश्न: वय 36. कर्ज नाही, सहा महिने नोकरी नसली तरी भागेल एवढे पैसे बाजूला आहेत, पण माझ्याच्याने खर्च होत नाही. बुटाचा तळ झिजून मोजा ओला व्हायला लागला तरी तीनदा दुकानात जाऊन रिकाम्या हाताने परत आलो. शेवटी बायकोने आणले. ती मला हल्ली कुठल्याही गोष्टीची किंमत अर्धी करून सांगते, मला ते माहितीये, आणि मला माहितीये हे तिलाही माहितीये. ती म्हणते चिक्कू, मी म्हणतो काटकसरी. कोण बरोबर?

उत्तर: बायको. सॉरी, पण खरंच.

हा नुसता शब्दांचा वाद नाही म्हणून सांगते. रिक, क्रायडर आणि लोवेनस्टाइन (हो, तेच लोवेनस्टाइन, या विषयात हा माणूस जिथे तिथे भेटतो) यांनी 2008 साली नेमका हाच फरक तपासला. काटकसरी माणसाला वाचवण्यात मजा येते, दोन पैसे राखले की तो खुश. चिक्कू माणसाला वाचवण्यात विशेष मजा नसते, त्याला देताना दुखतं. आता तुम्हीच बघा, बूट न घेता परत आलात त्या संध्याकाळी मजा वाटली का? मला तर वाटतं मोजा ओलाच होता आणि डोकं पण फिरलेलं होतं.

याच मंडळींपैकी रिक यांनी 2011 मध्ये आणखी एक मजेशीर गोष्ट दाखवली, की सढळ हाताची आणि आवळ्या हाताची माणसं एकमेकांशी लग्नं करतात, आपल्यात जे आपल्यालाच आवडत नाही त्याच्या उलटं माणूस आकर्षक वाटतं, आणि मग पैशांवरून भांडणंही त्याच जोडप्यांत जास्त होतात. तुमच्या घरात हे असं आहे का ते मला माहीत नाही, पण बूट कोणी आणले ते तुम्ही लिहिलंय!

देताना दुखणं कमी कसं करायचं त्यावर प्रेलेक आणि लोवेनस्टाइन यांचं 1998 सालचं काम आहे. त्यांचं म्हणणं असं की पैसे आधीच देऊन टाकलेले असले की वस्तू वापरताना ती टोचणी राहत नाही, जणू फुकटच मिळाल्यासारखी वापरली जाते. तुमच्यासाठी याचा उपयोग असा, एक वेगळं खातं उघडा आणि पगार झाला त्याच दिवशी ठरलेली रक्कम आपोआप तिकडे जाऊ द्या. ती तिकडे गेली की खर्च झाली असं समजायचं, दुखायचं ते महिन्यातून एकदा काय ते दुखू द्या. मग त्या खात्यातून बूट घ्या, पुस्तकं घ्या, बायकोला काही घ्या, आणि नियम एकच, तीन महिन्यांनी त्यात शिल्लक उरली तर तुम्ही नापास. तुमच्यासारख्याला बजेट खर्च कमी करायला नको असतं, खर्च करायची परवानगी म्हणून हवं असतं. उधळ्या माणसाला मी हे कधीच सांगणार नाही, त्यांनी हा परिच्छेद वाचू नये.

आणि वहिनींना माझा निरोप द्या, किंमत अर्धी करून सांगणं आता बंद. त्याने भांडण आजचं टळतं, पण वस्तू खरोखर केवढ्याला मिळतात हे तुमच्या डोक्यात पाच वर्षं मागेच राहतं, आणि मग एखाद दिवशी एकटे दुकानात गेलात की धक्का बसून चौथ्यांदा परत येता.

प्रश्न: मित्राला दोन वर्षांपूर्वी पैसे दिले उसने. विषय काढत नाही. परवा त्याचे फिरायला गेल्याचे फोटो बघितले आणि रात्रभर झोप नाही. मागू का? मैत्री जाईल अशी भीती वाटते.

उत्तर: मैत्री त्या फोटोंच्या रात्री निम्मी गेलीच की हो. तुम्ही गप्प राहून ती राखताय असं वाटतं पण आता त्याचं प्रत्येक हसणं तुम्ही हिशोबाच्या वहीत मांडणार. मागा. फोटोंचा उल्लेख न करता, गोल गोल न बोलता, रक्कम आणि तारीख घालून, "एकदम जमत नसेल तर चार हप्त्यांत दे" असा एकच मेसेज. त्याने नाही म्हटलं तर निदान कळेल तरी. आणि पुढच्या वेळी कोणालाही तेवढेच द्या जेवढे बुडाले तरी झोप लागेल. जामीन म्हणून सही करणं त्याहून भारी प्रकरण आहे, तिथे तो चुकला की कर्ज तुमचं, तेव्हा सही करताना कर्ज आपणच घेतोय असं समजूनच पेन हातात घ्या.

प्रश्न: दर महिन्याला फंडात पैसे टाकते, निवृत्तीसाठी, अजून वीस वर्षं आहेत. बाजार पडलाय तेव्हापासून दिवसातून दहा वेळा ॲप बघते आणि दर वेळी पोटात खड्डा. सगळं काढून घेऊ का?

उत्तर: वरच्या पहिल्या ताईंना मी म्हटलं ॲप उघडा, तुम्हाला म्हणतेय बंद करा, आणि दोन्ही एकाच अंकात, आता लोक हसतील मला. पण आहे ते असंच आहे. कर्ज न बघितल्याने वाढतं, लांबची गुंतवणूक सारखी बघितल्याने हातून मोडते.

काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलं की तेवढ्याच रकमेचा तोटा फायद्यापेक्षा मनाला जास्त लागतो, आणि 1992 मध्ये त्यांनी त्याचा आकडाही काढला, सुमारे 2.25 पट. आता बाजाराचं कसं, रोजच्या रोज बघितलं तर वर जाणारे दिवस खाली जाणाऱ्यांपेक्षा थोडेसेच जास्त असतात. म्हणजे रोज बघणाऱ्याला जवळपास निम्मे दिवस दुःख, तेही सव्वादोन पटीने, बेरीज करा आणि सांगा मन कसं टिकेल. बेनार्त्झी आणि थेलर यांनी 1995 मध्ये हेच धरून म्हटलं की माणूस हिशोब जितक्या वेळा बघतो तितकी जोखीम त्याला मोठी वाटते. पैसे तेच असतात, बघण्याची वेळापत्रकं वेगळी.

तेव्हा ॲप फोनवरून काढा, वर्षातून दोन तारखा ठरवा. एकच गोष्ट आधी तपासा, यातले काही पैसे येत्या दोन-तीन वर्षांत लागणार आहेत का? लागणार असतील तर ते मुळात तिथे असायलाच नको होते आणि तुमच्या पोटातला खड्डा बरोबर सांगतोय, तेवढे हळूहळू काढा. बाकीचे राहू द्या. 20 टक्के पडलेलं मूळ जागी यायला 25 टक्के चढावं लागतं, वेळ लागतो, पण तुमच्याकडे वीस वर्षं आहेत म्हणताय ना.

प्रश्न: मागच्या अंकात तुम्ही "पैशांशी मैत्री करा" लिहिलंत. ताई, मैत्री करायला पैसा घरात थांबावा तरी लागतो. माझं काम रोजाचं, हप्ता पाच तारखेला आणि मजुरी हातात येते दहाच्या पुढे, दर महिन्याला दंड. मग मी चिडतो, चुका करतो, परवा एक फॉर्म तीनदा चुकवला. भरल्या पोटीच्या लोकांना भावना असतात, आम्हाला फक्त तारखा.

उत्तर: दादा, बरोबर बोललात, ते वाक्य मी मागे घेते. लिहिताना मला छान वाटलं होतं, तिथेच सावध व्हायला हवं होतं.

फॉर्म तीनदा चुकला ते तुमच्या बुद्धीवर घेऊ नका. 2013 साली एक अभ्यास छापून आला, मुल्लैनाथन, शफीर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा. तामिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांना त्यांनी तोडणीआधी आणि तोडणीनंतर अशा दोन वेळा कोडी सोडवायला दिली. तोडणीआधी हात आखडलेला, तोडणीनंतर पैसे आलेले. माणसं तीच, पण पैशांची चणचण असताना तीच माणसं कोड्यांत मागे पडली. डोक्यातली जागा तारखांनी भरलेली असली की फॉर्मला उरते किती? तेव्हा असली कामं शक्य असेल तिथे मजुरी मिळाल्यानंतरच्या दोन-चार दिवसांवर टाका, आणि पाच तारखेच्या आधीच्या आठवड्यात कुठलाही नवा कागद सही करू नका, कोणी कितीही घाई करो.

दंडाचं मात्र भावनेने सुटणार नाही, तारखेने सुटेल. हप्ता चुकायच्या आधी, चुकल्यावर नव्हे, कर्ज देणाऱ्याकडे लेखी अर्ज द्या की मजुरी दहानंतर मिळते, हप्त्याची तारीख पंधरा करून द्या. बऱ्याच ठिकाणी ही सोय असते पण आपणहून कोणी सांगत नाही. तारीख सरकवल्यामुळे पहिल्या महिन्यात मधल्या दिवसांचं थोडं व्याज जास्त लागू शकतं, ते किती ते आधी विचारून घ्या आणि दर महिन्याच्या दंडाशी ताडून बघा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायला विसरू नका. नाही म्हणाले तर काय कारण दिलं ते मला कळवा, पुढच्या अंकात त्यावरच लिहीन.